डबाबंद मासळी आणि पथ्य

गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनीकडे जुन्या मालगुजारी तलावांतले रोहू, कटला ताजे मिळतात. पथ्यावरच्या माणसाला त्याहून चांगलं काय! पण नोकरी-शिक्षणासाठी शहरात गेलेल्यांना कधी मासळीचा डबा घ्यावा लागला, तर मागचं बारीक लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मासा, पाणी, मीठ एवढंच असेल तर उत्तम. ‘भाज्यांचा अर्क’ दिसला की सोयाची शंका घ्या. आयएनएस ६२१ हा मिश्रकाचा क्रमांक म्हणजे आपलं अजिनोमोटो. ४५१, ४५२ ही फॉस्फेटं, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टाळावीत अशी. सीलबंद डबा उच्च उष्णतेने निर्जंतुक होतो, म्हणून टिकवण्यासाठी वेगळं रसायन लागत नाही. पुढचं ठळक ‘नैसर्गिक’ मी तरी वाचत नाही. सोडियमचा आकडा मात्र पाहाच. आणि हो, खारवलेल्या सुक्या मासळीतही मीठ भरपूर असतं.