राष्ट्राध्यक्षांचे कागद कुणाचे?

१८८६ च्या नोव्हेंबर महिन्यात न्यूयॉर्कमध्ये चेस्टर आर्थर मृत्युशय्येवर होते. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडून त्यांना पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपली जवळजवळ सगळी कागदपत्रं, खासगी आणि सरकारी दोन्ही, जाळून टाकायला लावली. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण अडवायचा अधिकारच कुणाला नव्हता. त्या काळी राष्ट्राध्यक्ष निवृत्त झाला की कार्यालयातले कागद पेट्यांत भरायचा आणि घरी घेऊन जायचा. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तसं केलं होतं, पुढच्यांनी तीच वाट धरली.

त्यामुळं या कागदांचं नशीब त्या त्या घराण्याच्या हाती गेलं. झॅकरी टेलर यांचे कागद लुइझियानात मुलाच्या घरी होते. यादवी युद्धात सैनिकांनी ते घर लुटलं आणि कागदांची वाताहत झाली. मिलर्ड फिलमोर यांच्या मुलानं मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की वडिलांची पत्रं जाळावीत. वॉरन हार्डिंग यांच्या पत्नीनं पतीच्या निधनानंतर गठ्ठेच्या गठ्ठे बसून निवडले आणि बरेचसे आगीत टाकले. लिंकन यांचे कागद वाचले, पण त्यांचा मुलगा रॉबर्ट याने ते लायब्ररी ऑफ काँग्रेसला देताना अट घातली की आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं त्यांना कुणी हात लावायचा नाही. रॉबर्ट १९२६ मध्ये वारले. कागद खुले झाले १९४७ च्या जुलैत. तोवर लिंकन यांच्या हत्येला ८२ वर्षं उलटून गेली होती.

ही रीत मोडली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. डिसेंबर १९३८ मध्ये, म्हणजे पदावर असतानाच, त्यांनी जाहीर केलं की आपले सगळे कागद आपण देशाला देणार. हडसन नदीकाठच्या हाइड पार्क इथल्या घराण्याच्या जमिनीतली १६ एकर जागा त्यांनी दिली. कागद ठेवण्यासाठीच्या ग्रंथालयाच्या इमारतीचा पैसा लोकवर्गणीतून उभा राहील आणि तयार झाल्यावर ती सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवली जाईल, असं ठरलं. हे अभिलेखागार तेव्हा नवंनवं होतं. त्याची स्थापना १९३४ ची. इमारतीचा आराखडा रूझवेल्ट यांनी स्वतः कागदावर रेखाटला. त्या परिसरात जुन्या डच वसाहतकारांनी बांधलेली दगडी घरं होती, तसंच हे ग्रंथालय दिसावं अशी त्यांची इच्छा होती. ३० जून १९४१ ला ते खुलं झालं. आत त्यांनी स्वतःसाठी एक अभ्यासिका ठेवली होती आणि युद्धाच्या काळात देशाला उद्देशून केलेली काही रेडिओ भाषणं त्यांनी तिथूनच दिली.

याच रूझवेल्ट यांनी १९४३ मध्ये ग्रंथालयाच्या संचालकांना कळवलं, की आपले खासगी आणि गोपनीय कागद तिकडे जाण्याआधी आपण ते चाळू आणि कधीच उघड होऊ नयेत असे कागद बाजूला काढू. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले, चाळायचं राहूनच गेलं. देशासाठी एवढी मोठी देणगी देणाऱ्या माणसालासुद्धा आपल्या कागदांवरचा हात सोडवत नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालयांची सगळी कथा याच ओढाताणीची आहे. संग्रहालयाच्या भागात त्यांचा पोशाख, त्यांची मोटार, व्हाइट हाउसमधल्या कार्यालयाची हुबेहूब प्रतिकृती असते. तिथं शाळांच्या सहली येतात, फोटो काढले जातात. माणसाचा खरा वारसा मात्र कागदांच्या खोल्यांत असतो. त्या माणसाला आवडले नसते असे कागद तिथले अभिलेखपाल वाचकासमोर ठेवतात का, यावरच अशा ग्रंथालयाची किंमत ठरते.

हॅरी ट्रूमन यांचं उदाहरण घ्या. १९५५ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून अशा ग्रंथालयांची रीतसर व्यवस्था लावून दिली आणि १९५७ मध्ये मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स या गावी ट्रूमन यांचं ग्रंथालय सुरू झालं. ते तिथं जवळच राहत. रोज ग्रंथालयातल्या आपल्या कार्यालयात येत, शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत. १९७२ मध्ये ते वारले आणि कागद सगळे लावून झाले, सूच्या तयार झाल्या, चरित्रकारांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. आता नवीन काय मिळणार, असं सगळे धरून चालले होते.

मग २००३ मध्ये तिथल्या फडताळावरचं एक पुस्तक कुणीतरी उघडलं. न्यूयॉर्कमधल्या जमीनजुमल्याच्या व्यवसायाच्या एका मंडळानं १९४७ साली छापलेली ती निळ्या बांधणीची वार्षिक माहितीपुस्तिका होती. असं पुस्तक कोण कशाला उघडेल? वर्षानुवर्षं ते तसंच पडून होतं. त्यातल्या दैनंदिनीच्या पानांवर ट्रूमन यांच्या हस्ताक्षरात नोंदी निघाल्या. एका नोंदीत होतं, की त्यांनी जनरल आयझेनहॉवर यांना १९४८ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायला सुचवलं आणि आपण स्वतः उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हायची तयारी दाखवली. दुसऱ्या एका नोंदीत ज्यूंविषयी अत्यंत कडवट उद्गार होते. इस्राएलला मान्यता देणारा राष्ट्राध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, त्यांच्या हातचे हे उद्गार! ग्रंथालयानं ती दैनंदिनी दाबून ठेवली नाही. ट्रूमन यांचंच नाव दारावर असलेल्या संस्थेनं ती जुलै २००३ मध्ये जगासमोर ठेवली. एवढं धैर्य दाखवणारी माणसं पाहिली की अभिलेखपालाच्या पेशाविषयी आदर वाटतो.

लिंडन जॉन्सन यांची गोष्ट तर ऐकण्याचीच आहे, अगदी शब्दशः. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, विद्यापीठाच्या आवारात, १९७१ मध्ये त्यांचं ग्रंथालय उभं राहिलं. आत शिरलं की काचेच्या प्रचंड भिंतीमागं मजल्यावर मजले लाल खोकी दिसतात, प्रत्येकावर राष्ट्राध्यक्षांची सोनेरी मुद्रा. साडेचार कोटी पानं तिथं आहेत. पण सगळ्यांत मोलाचा ऐवज त्या लाल खोक्यांत नव्हता. जॉन्सन आपली फोनवरची संभाषणं डिक्टाबेल्ट नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रित करून घेत. जानेवारी १९७३ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या एका जुन्या सहायिकेनं या पट्ट्या ग्रंथालयाकडे सोपवल्या आणि त्यांची इच्छाही कळवली: ५० वर्षं उघडायच्या नाहीत, त्यानंतरही उघडायच्या की नाही ते तेव्हाच्या लोकांनी ठरवावं.

ग्रंथालयाचे संचालक हॅरी मिडलटन हे एके काळचे जॉन्सन यांचे भाषणलेखक. विश्वासातला माणूस. पण वर्षं जात होती तसं प्लॅस्टिक खराब होत होतं, २०२३ पर्यंत थांबलं तर ऐकायला काही उरेलच याची खात्री नव्हती. त्यातच केनेडी यांच्या हत्येसंबंधीचे दस्तऐवज खुले करण्याचा कायदा १९९२ मध्ये झाला आणि तो काही पट्ट्यांनाही लागू होता. मिडलटन यांनी जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांची संमती घेतली आणि १९९३ पासून पट्ट्या खुल्या करायला सुरुवात केली. सहाशेहून जास्त तासांचं ते ध्वनिमुद्रण आहे. टेक्सासचा हेल काढून, धमकावत, गोंजारत, खासदारांना मतांसाठी पटवणारा माणूस लोकांच्या कानांवर पडला. ही संभाषणं ऐकून लिहून काढणंही सोपं नव्हतं. एका सेक्रेटरीनं टाइप केलेल्या मजकुरात पाकिस्तानच्या राजदूतांच्या जागी चक्क एक शिवी आली होती, इतका तो उच्चार आणि ध्वनिमुद्रण अवघड.

२७ मे १९६४ चं संभाषण आजही अंगावर येतं. जॉन्सन आपले सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी व्हिएतनामबद्दल बोलत आहेत. रात्रभर झोप लागली नाही, म्हणतात. हे युद्ध लढण्याच्या लायकीचं वाटत नाही, आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, अशी कबुली ते देतात. पुढच्या चार वर्षांत व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांची संख्या पाच लाखांवर गेली. चेहऱ्यावर निर्धार दाखवणाऱ्या या माणसाच्या मनात सुरुवातीपासून काय चाललं होतं, ते इतिहासाला कळलं, कारण मिडलटन यांनी मालकाची अखेरची इच्छा बाजूला ठेवली. जॉन्सन यांची प्रतिमा त्यामुळं गुंतागुंतीची झाली आणि माणूस म्हणून ते जास्त समजू लागले.

रिचर्ड निक्सन यांच्या बाबतीत मात्र कुणाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि महिन्याभरातच एका सरकारी अधिकाऱ्याशी करार केला. त्यानुसार त्यांच्या व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती काही वर्षांनी, किंवा निक्सन यांच्या मृत्यूनंतर, नष्ट होणार होत्या. काँग्रेस खडबडून जागी झाली. त्याच डिसेंबरमध्ये कायदा करून तिनं सगळे कागद आणि फिती सरकारच्या ताब्यात घेतल्या, १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. १९७८ मध्ये त्याहून मोठं पाऊल पडलं: २० जानेवारी १९८१ पासून राष्ट्राध्यक्षांचे सगळे सरकारी कागद जनतेच्या मालकीचे. वॉशिंग्टन यांच्यापासून चालत आलेली रूढी एका कलमानं संपली. पद सोडल्यावर पाच वर्षांनी कागद मागता येतात, काही प्रकारचे कागद बारा वर्षांपर्यंत रोखून ठेवता येतात. तरी ओढाताण संपली नाही. रेगन यांची बारा वर्षं २००१ च्या जानेवारीत भरली तेव्हा ६८ हजार पानं अडकून पडली, आणि त्या वर्षाअखेरीस बुश यांनी आदेश काढून माजी राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या वारसांनाही आडकाठी घालायची मुभा दिली. ओबामा यांनी २००९ मध्ये, पदग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, तो आदेश रद्द केला.

निक्सन यांचं ग्रंथालय १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा इथं समर्थकांनी उभारलं. तिथं निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या दालनाची मांडणी अशी होती की सगळा दोष विरोधकांचा वाटावा. २००७ मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आलं. नवे संचालक, इतिहासकार टिमथी नाफ्ताली यांनी ते दालन काढून टाकून पुराव्यांवर आधारलेलं नवं दालन उभारायला घेतलं. निक्सन यांचे समर्थक संतापले, दालन रेंगाळलं, शेवटी मार्च २०११ मध्ये ते खुलं झालं.

निक्सन यांच्या ध्वनिफितींशी आपलाही संबंध आहे. १९७१ मध्ये बांगलादेशचा प्रश्न पेटलेला असताना निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर इंदिरा गांधींबद्दल ज्या शिवराळ भाषेत बोलत होते, ती २००५ मध्ये जाहीर झालेल्या नोंदींतून जगाला कळली. किसिंजर यांना तेव्हा जाहीर खेद व्यक्त करावा लागला. बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात तर आपल्या इतिहासाचं एक दुखरं पान आहे. १९ नोव्हेंबर १९६२ ला, चिनी फौजा आसामच्या दिशेनं उतरत असताना, पंडित नेहरूंनी एकाच दिवशी केनेडींना दोन पत्रं लिहिली. स्वनातीत लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या आणि रडारयंत्रणा त्यांनी मागितल्या होत्या. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या नेत्यानं किती हतबल होऊन हे लिहिलं असेल! त्याच दिवसांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले होते. या पत्रांचा पूर्ण मजकूर भारतीय वाचकांना मिळाला तो २०१० मध्ये, बोस्टनहून. त्या काळी दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेल्या गॅलब्रेथ यांचे कागदही तिथंच आहेत. आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, पण नेहरूंचे १९४७ नंतरचे कागद पाहायला संशोधकांना दीर्घ काळ कुटुंबाची परवानगी लागत असे. पंतप्रधानांचे कागद कुणाचे, हा प्रश्न आपण अजून नीट सोडवलेला नाही आणि तो सोडवायला हवा.

या ग्रंथालयांच्या वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. टेबलावर एका वेळी एकच खोकं, खोक्यातून एकच फाइल. गंजलेल्या टाचण्या आधीच काढलेल्या असतात, फाइली आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या. मधेच एखादा वेगळाच कागद येतो: इथला दस्तऐवज काढून घेतला आहे, तो कुणी कुणाला लिहिला, तारीख कोणती, का रोखला. संशोधक हा कागद बारकाईनं वाचतात, कारण त्याच्या आधारेच तो दस्तऐवज खुला करण्याची रीतसर मागणी करता येते. काय झाकलं आहे तेही नोंदवून ठेवणं, ही या पेशातली सगळ्यांत सुंदर शिस्त आहे.

ओबामांच्या काळापासून कामाचं स्वरूपच बदललं. त्यांच्या कारकिर्दीतले सुमारे ९५ टक्के दस्तऐवज मुळातच संगणकावर जन्मलेले आहेत, त्यात अंदाजे ३० कोटी ईमेल. शिकागोच्या जॅक्सन पार्कमध्ये त्यांचं केंद्र उभारलं गेलं, पण मूळ कागद तिथं नाहीत. ते राष्ट्रीय अभिलेखागार सांभाळतं आणि कागदी पानांचं डिजिटायझेशन होतं. प्रवास न करता कागद वाचता येतील, हा मोठा फायदा. मात्र खुला करण्याआधी प्रत्येक मजकूर कुणाला तरी वाचावाच लागतो, आणि ३० कोटी ईमेल वाचायला जी माणसं लागतील ती नेमल्याशिवाय ही दारं उघडणार नाहीत. पैसा भव्य इमारतींपेक्षा आधी या माणसांवर खर्च व्हायला हवा.

जे खुलं झालं आहे ते मात्र कुणालाही मिळतं. जॉन्सन यांची फोनवरची संभाषणं आज पुण्यात किंवा पणजीत बसून इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. ज्यांना ऐकायची असतील त्यांनी २७ मे १९६४ या तारखेपासून सुरुवात करावी; त्याच दिवशी सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी झालेलं बोलणंही सोबत ऐकावं, म्हणजे बंडींना सांगितलेलं किती खोलवरून आलं होतं ते कळेल.