जाळावांचून चूल



आपल्या स्वयंपाकघरांत आजवर शिजविण्याचीं जीं जीं साधनें आलीं, त्यांचा स्वभाव एकच होता. लांकडाची चूल घ्या, कोळशाची शेगडी घ्या, रॉकेलचा स्टोव्ह किंवा गॅस घ्या. उष्णता अगोदर भांड्याबाहेर उत्पन्न व्हावयाची, ती भांड्यास लागावयाची आणि भांड्याकडून अन्नास मिळावयाची. त्यामुळें स्वयंपाक करणाऱ्यास आपल्या इंद्रियांवर भरंवसा ठेवतां येत असे. ज्योत डोळ्यांना दिसे, भांड्याचा कांठ हातास चटका देई, आधण आल्याचा आवाज ओसरीवर ऐकूं येई, आणि दूध उतूं गेल्याची वार्ता तर शेजारच्या बिऱ्हाडासहि कळे. मायक्रोवेव्ह भट्टीनें ही साखळी तोडली. तिच्यांत जाळ नाहीं, धूर नाहीं. भांडें कोमट असतें आणि आंतील आमटी जीभ पोळविते. किंवा वर वाफ दिसते आणि मधला भाताचा गोळा थंडगार असतो. ह्या यंत्राविषयीं लोकांच्या मनांत जी भीति आहे ती 'किरणां'ची आहे. माझ्या मतें ती भीति अस्थानीं आहे. सावधगिरी मात्र अवश्य आहे, आणि ती अशासाठीं कीं हें यंत्र आपल्या इंद्रियांना कांहींच कळवीत नाहीं.

हा विषय मीं कां निवडला तेंहि सांगतों. आज नाशकांत पुष्कळ घरीं मुलगा आणि सूनबाई दोघेंहि सकाळींच सातपूरला, अंबडला किंवा एखाद्या कचेरींत कामास जातात. दुपारीं घरांत उरतात तीं म्हातारीं माणसें आणि शाळेंतून परतलेलीं नातवंडें. "बाबा, गॅस पेटवूं नका, मायक्रोवेव्हमध्यें गरम करून घ्या," असें सांगून सूनबाई निघून जाते. म्हणजे हें यंत्र नेमकें अशा माणसांच्या हातीं जातें, कीं ज्यांनीं जन्मांत कधीं भांडें चुलीवर चढविलेलें नसतें. माझ्या वयाचे बहुतेक गृहस्थ त्यांतलेच.

ह्या भट्टीचा जन्म पाकशास्त्रांतून झाला नाहीं, युद्धांतून झाला. १९४० सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल आणि बूट ह्या दोघांनीं रडारसाठीं नव्या धर्तीचा मॅग्नेट्रॉन तयार केला. पुढें १९४५ सालीं अमेरिकेंतील रेथिऑन कंपनींत पर्सी स्पेन्सर हा गृहस्थ अशाच एका मॅग्नेट्रॉनजवळ उभा असतां त्याच्या खिशांतील गोड वडी वितळली. दुसरा कोणी खिसा धुवून मोकळा झाला असता. ह्यानें मक्याचे दाणे आणून त्यांच्या लाह्या होतात का तें पाहिलें, मग अंडें ठेवून पाहिलें, आणि तें फुटलें. स्पेन्सरचें प्राथमिक शिक्षणहि पुरें झालेलें नव्हतें. मॅट्रिकपाशींच थांबलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास ही गोष्ट सांगतांना विशेष आनंद होतो. १९४७ च्या सुमारास विक्रीस आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच व तीनशें किलोहून जड होती. ओट्यावर मावणारी घरगुती भट्टी १९६७ सालीं निघाली.

मॅग्नेट्रॉन ज्या लहरी सोडतो त्या रेडिओच्याच जातीच्या. माझा आवाज ज्या लहरींवर बसून आपणांकडे येत आहे त्यांची लांबी पुष्कळ अधिक, आणि भट्टींतील लहरींची सुमारें १२ सेंटिमीटर, एवढाच भेद. ह्या लहरींची कंपनें सेकंदास २४५ कोटि होतात. पाण्याच्या रेणूचें एक टोंक धन व दुसरें ऋण असतें. तो प्रत्येक कंपनाबरोबर वळूं पाहतो, शेजाऱ्यांस धक्के देतो, आणि त्या धक्काबुक्कींतून उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता गाभ्यांतून बाहेर येते असा एक समज आहे, तो खरा नव्हे. लहरी अन्नांत जोरानें शिरतात त्या दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंतच. त्यापुढील गाभ्याकडे उष्णता जुन्याच चालीनें, हळूहळू सरकत जाते. हें वाक्य ध्यानांत ठेवावें, कारण पुढचें पुष्कळसें ह्यावरच अवलंबून आहे.

आतां किरणांची भीति. क्ष-किरणांच्या अंगीं अणूची मोडतोड करण्याची शक्ति असते. ह्या लहरींत ती नाहीं. त्या अन्न तापवितात, ह्यापलीकडे कांहीं करीत नाहींत. आणि दिवा मालविल्यावर खोलींत उजेड उरत नाहीं, तद्वत् यंत्र थांबल्यावर अन्नांत त्या उरत नाहींत. मग दाराच्या कांचेंतून त्या बाहेर कशा येत नाहींत? ह्याचें उत्तर पाहावयाचें असेल तर नाशिक-पुणें रस्त्यावर नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. तेथें आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. तिच्या ३० थाळ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आणि गंमत अशी कीं ह्या थाळ्या पत्र्याच्या नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. वारा त्यांतून निघून जातो, प्रकाश निघून जातो, पण रेडिओ-लहरी मात्र आरशावरून परतावें तशा परततात. जाळीचीं भोकें लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान असलीं म्हणजे लहरीला ती जाळी सलग भिंतीसारखीच. आपल्या भट्टीच्या दाराच्या कांचेंत जी काळी जाळी दिसते ती हेंच काम करते. डोळ्यांस अन्न दिसतें, कारण प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म. बारा सेंटिमीटरांची लहर मात्र आंतच राहते. म्हणून जाळी, दाराच्या कडा आणि बिजागऱ्या ह्यांस जपावें. त्यांवर तुपाचा थर बसूं देऊं नये, उघड्या दारावर जड भांडें टेकूं नये, आणि दार वांकडें झालें असेल तर दुरुस्तीपर्यंत यंत्र वापरूं नये.

धातु लहरीला परतवितो, हेंच आपल्या घरच्या अडचणीचें मूळ आहे. कारण आपलें सारें स्वयंपाकघर धातूचें. स्टीलच्या डब्यांत ठेवलेलें वरण तापत नाहीं, आणि पातळ कडा, चमच्याचे दांते, सोनेरी कांठाची बशी, रुपेरी कागद ह्यांवर ठिणग्या उडतात. तेव्हां भाजक्या मातीचें चिनी भांडें किंवा उष्णता सोसणाऱ्या कांचेचें भांडें वेगळें ठेवावें. मेलामाइनच्या ताटल्या आंत घालूं नयेत. भांड्याविषयीं शंका असेल तर तें रिकामें ठेवून त्याजवळ पाण्यानें भरलेला कांचेचा पेला ठेवावा व एक मिनिट यंत्र चालवावें. पाणी तापून भांडें थंड राहिलें तर तें चालेल. भांडेंच तापलें तर तें कपाटांत परत जाऊं द्यावें. पाण्याचा पेला विसरूं नये, कारण रिकाम्या भट्टींत लहरी शोषून घेणारें कोणी नसतें आणि त्या मॅग्नेट्रॉनवरच परत फिरतात.

पस्तीस वर्षें खडू हातांत धरलेल्या माणसास एक प्रयोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. भट्टींतली फिरती तबकडी काढावी, मधल्या खुंटीवर एक लहान बशी उपडी घालावी आणि तीवर उडदाचा मोठा पापड ठेवून पंधरा-वीस सेकंद यंत्र चालवावें. पापड सर्वत्र सारखा भाजत नाहीं. कोठें फुलून पांढरा होतो, कोठें कच्चाच राहतो. लहरी भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात आणि कांहीं जागा तप्त, कांहीं थंड अशा ठरून जातात. नमुना नेहमींच ठळक उमटतो असें नाहीं. पण उमटला तर दोन फुललेल्या ठिपक्यांतील अंतर मोजावें. तें सुमारें ६ सेंटिमीटर भरेल. त्याची दुप्पट १२, तिला २४५ कोटींनीं गुणलें तर सेकंदास २,९४,००० किलोमीटर येतात. प्रकाशाची खरी गति २,९९,७९२ किलोमीटर आहे. एका पापडाकडून ह्याहून अधिक काय मागावें!

पापडाचा हा धडा जेवणास लावूं या. तबकडी फिरते म्हणून भेद कमी होतो, नाहींसा होत नाहीं. कालचा भात मध्यें ढीग करून ठेवूं नये. बशींत कडेकडेनें पसरावा, मधोमध खळगा ठेवावा, वर थोडें पाणी शिंपडावें, झांकण सैल ठेवावें. अर्ध्या वेळेनंतर काढून ढवळावा, पुन्हां ठेवावा, आणि शेवटीं दोन मिनिटें नुसता झांकून राहूं द्यावा, म्हणजे उष्णता गाभ्यापर्यंत सरकते. सगळें अन्न सुमारें ७५ अंशांपर्यंत तापलें पाहिजे. ह्याहून महत्त्वाचें म्हणजे भात शिजल्यावर दोन तासांच्या आंत थंड कपाटांत गेला पाहिजे. बाहेर राहिलेल्या भातांत जे जंतु वाढतात त्यांचें विष मागाहून कितीहि तापविलें तरी नष्ट होत नाहीं, आणि त्याचा त्रास लहान मुलांस व वृद्धांस अधिक. तान्ह्या मुलाच्या दुधाची बाटली ह्या भट्टींत मुळींच तापवूं नये. बाटली हातास कोमट लागते आणि मधलें दूध तोंड भाजण्याइतकें कढत असतें. ती गरम पाण्याच्या भांड्यांत उभी करावी.

एकट्यासाठीं कपभर पाणी उकळणाऱ्यांनीं हें ऐकावें. गुळगुळीत, स्वच्छ कपांत पाणी कधीं कधीं शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं. बुडबुड्यास धरावयास जागाच मिळत नाहीं. असा शांत दिसणारा कप उचलून त्यांत साखर टाकतांच सारें पाणी एकदम उसळून हातावर येतें. उपाय सोपा आहे: लांकडी चमचा किंवा काडी अगोदरच पाण्यांत ठेवावी, वेळ बेताचा लावावा, आणि यंत्र थांबल्यावर अर्धें मिनिट हात लावूं नये. अंडें कवचासह ठेवूं नये. उकडलेलें अंडेंहि तापवूं नये, तें दांताखालीं फुटतें. बटाटा, वांगें, रताळें ह्यांस कांट्यानें चार-सहा ठिकाणीं टोंचावें. आणि आपण द्राक्षांच्या जिल्ह्यांतले, म्हणून सांगतों: दोन द्राक्षें एकमेकांस चिकटून आंत ठेवलीं तर त्यांच्या सांध्यापाशीं झगझगीत ज्वाळेचा गोळा उठतो. पाण्यांत लहरीची लांबी जवळजवळ नऊ पटींनीं आखडते, ती द्राक्षाच्या आकाराशीं जुळते आणि लहर फळांत कोंडली जाऊन सांध्यावर एकवटते, असें कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं दाखवून दिलें. नातवंडांनीं हा खेळ कोठें पाहिला असेल. घरीं करूं देऊं नये, यंत्र बिघडतें.

ह्या भट्टीकडून कोणतें काम घ्यावें? चिवड्यासाठीं शेंगदाणे भाजावयाचे असतील तर हिच्याइतकी कामाची दुसरी दासी नाहीं; मात्र दर मिनिटास ढवळावे आणि रंग येण्याच्या किंचित् आधींच काढावे, कारण बाहेर आल्यावरहि ते भाजत राहतात. पालेभाज्या थोड्या पाण्यांत लवकर शिजतात, त्यामुळें जीवनसत्त्वें कमी वायां जातात. मक्याचें कणीस पानांसह ठेवलें तर स्वतःच्याच वाफेवर शिजतें. भाकरी ओलसर फडक्यांत गुंडाळून वीस सेकंद पुरे. अधिक ठेवली तर चपलेचा तळ. वांग्याचें भरीत होतें, पण त्यास निखाऱ्याचा वास येत नाहीं, आणि मला तें भरीत वाटत नाहीं. तूरडाळ किंवा पुरणाची डाळ हिच्यांत शिजविणें म्हणजे वेळेचा अपव्यय. तेथें कुकरच श्रेष्ठ. तळण्याचें नांव काढूं नये, कारण तेल किती तापलें हें कळण्याचा मार्ग नाहीं. आणखी एक हिशेब लक्षांत असावा: लहरींची शक्ति ठरलेली असते, म्हणून अन्न दुप्पट तर वेळहि जवळजवळ दुप्पट. मोठा गोळा असेल तर पूर्ण शक्ति न लावतां मध्यम शक्ति लावावी. बहुतेक यंत्रांत मध्यम म्हणजे लहर थांबून थांबून सोडणें; त्या थांबण्यांत उष्णतेला आंत शिरावयास सवड मिळते.

राहिली वीज. नऊशें वॉटची म्हणून विकलेली भट्टी भिंतींतून तेराशें-चौदाशें वॉट घेते, आणि भाजण्याची सोय असलेली त्याहूनहि अधिक. म्हणून तिला १६ अँपिअरचा, भूसंलग्न असा स्वतंत्र सॉकेट हवा, लोंबती वायर नको. आच्छादन उघडण्याचा मोह घरच्या हौशी कारागिरानें टाळावा: आंतील कपॅसिटरमध्यें हजारों व्होल्टचा विद्युद्भार सांठतो, आणि पिन काढल्यानंतरहि तो कांहीं वेळ प्राणघातक असूं शकतो. आंत कांहीं पेटलेंच तर दार उघडूं नये. भिंतीवरचें बटण बंद करून थांबावें. हवा संपली कीं जाळ आपोआप विझतो, दार उघडलें कीं त्यास नवी हवा मिळते. हें बटण यंत्राच्या पाठीमागें असेल तर वायरमनला बोलावून तें बाजूस, घरांतील म्हाताऱ्या माणसाचा हात सहज पोंचेल अशा उंचीवर बसवून घ्यावें.