सीमेपलीकडचे पार्सल

१८७४ साली बर्न येथील करारातून जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला. सदस्य देशांचा मिळून टपालाचा एकच प्रदेश मानावा, ही त्यामागची उदार कल्पना. पत्रापुरती ती पुष्कळ अंशी साकार झाली. पार्सलाला मात्र सीमेवर सीमाशुल्काची चौकी लागतेच.

कोल्हापूरचा चप्पल-कारागीर आज इंटरनेटवरून एखादा जोड परदेशी विकू शकतो. परंतु घोषणापत्रात तो ‘चप्पल’ एवढेच लिहितो; कातड्याची की रबराची, हे राहून जाते. कुणाच्या सल्ल्याने विकलेला माल ‘भेट’ म्हणून नोंदवतो, किंमत कमी दाखवतो. मग पार्सल अडते. ग्राहकावर अनपेक्षित कर पडला की तो ते नाकारतो. टपालखर्च बुडतो, गिऱ्हाईकही तुटते.

त्यातून नियम बदलतात. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची करमाफी २०२१ मध्ये रद्द केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. तेव्हा भारतीय टपाल खात्यालाही तिकडची पार्सले काही आठवडे घेता आली नाहीत.

बड्या निर्यातदाराजवळ हे सांभाळणारे दलाल असतात. कारागिराजवळ केवळ टपालाची खिडकी. खोट्या घोषणेचे समर्थन कुणी करू नये. पण अज्ञानाची शिक्षा एकट्या दुर्बळानेच का भोगावी? २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे निघाली आहेत. तेथे घोषणापत्र मराठीतून समजावून, कारागिराशेजारी बसून भरून घेतले जावे. कारागिरांच्या सहकारी संस्थांनी ही मागणी संघटितपणे लावून धरली पाहिजे.