इच्छा कोणाची, देह कोणाचा?

(नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शृंगारिक कथा-कादंबऱ्यांचा विषय अभ्यासवर्गात निघाला की एक तर हशा पिकतो, नाही तर मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. जमिनीचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न, बेकारी हे आपले विषय. देहाचे काय ते ज्याचे त्याने पाहावे, अशी चळवळीची एक जुनी, सोवळी समजूत आहे. परंतु मराठवाड्यातल्या एसटी स्थानकांवर वर्षानुवर्षे मासिकांच्या गठ्ठ्याखालून जी पिवळी पुस्तके विकली गेली, ती कोणीतरी घेतच होते, आणि घेणाऱ्यांत खादी घालणारेही असणारच. आज तो गठ्ठा खिशातल्या मोबाईलमध्ये आला आहे. ज्या मालाची मागणी इतकी वर्षे टिकून आहे, त्यात नेमके काय विकले जाते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्याही कक्षेत येतो.

आजवर या लेखनाची चिकित्सा केली ती प्रामुख्याने न्यायालयांनी. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवून लेखकाला २५ रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्याला निर्दोष ठरवले. कथा वाङ्मयदृष्ट्या कच्ची असेल, पण तेवढ्याने ती अश्लील होत नाही, असा निकालाचा आशय होता. लातूरलाही हे प्रकरण परके नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली आणि तिचा खटला लातूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळे केले, कवीवरील आरोप मात्र राहू दिला. ही कविता शृंगारिक नव्हे; पण कलम तेच, २९२, आणि पद्धतही तीच : कोणता शब्द, कोणता परिच्छेद. इच्छेचे मानसशास्त्र असे शब्द मोजून हाती लागत नाही.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नांदेडला जी गोदावरी वाहते, तिच्याच वरच्या अंगाला, पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह आहे. तीत पाणपोईवरच्या तरुणीची एक गाथा आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो; तिच्याकडे पाहत राहता यावे म्हणून तो बोटे सैल सोडून पाणी गळू देतो. ती ते ओळखते आणि पाण्याची धार बारीक करते. येथे कोणी कोणाला स्पर्शही केलेला नाही. तरीही ही गाथा शृंगाराची आहे, कारण तीत दोन माणसांची इच्छा आहे. त्याने पाणी गळू दिले आणि तिने धार बारीक केली नसती, तर उरली असती ती केवळ एका पुरुषाची नजर.

दुसरी गाथा कार्यकर्त्यांनी अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिवसभर चिखलात नांगर ओढून थकलेला शेतकरी रात्री गाढ झोपी जातो आणि त्याची तरुण बायको पावसाळ्याला शिव्या घालते. श्रम आणि काम यांचा असा रोकडा संबंध अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचित सापडेल! देहाला इच्छा आहे तसा थकवाही आहे; तिची तक्रार कोणी पाप मानलेली नाही. (यातल्या कित्येक गाथा स्त्रीच्या तोंडी घातलेल्या पुरुषांच्याच असतील, हे कबूल, परंतु परंपरेने काही गाथा स्त्रियांच्या नावावरही आहेत.)

पिवळ्या पुस्तकांतला देह मात्र कधी थकत नाही. तेथल्या बाईला उद्या भल्या पहाटे उठायचे नसते, दिवस जाण्याची धास्ती नसते, आणि तिचा नकार हा होकाराचाच एक प्रकार मानलेला असतो. ती बहुधा मोलकरीण, शेतमजूर किंवा परावलंबी विधवा असते. पुरुष मालक, सावकार वा साहेब असतो. म्हणजे जी गोष्ट वस्तुतः सत्तेची आहे, तिला इच्छेचे नाव दिलेले असते. वाचकालाही दुसऱ्या माणसाला सामोरे जाण्याची जोखीम घ्यावी लागत नाही. त्याला मिळते ते नकाराची भीती नसलेले सुख, आणि असे सुख लवकर शिळे होते. घटत्या उपयोगितेचा नियम येथे चोख लागू पडतो : दहाव्या पानाला पहिल्या पानाइतकी गोडी उरत नाही, म्हणून मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा बहुधा वाढते ती जबरदस्तीची.

याच्या उलट उदाहरण इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’चे. १९४२ च्या या उर्दू कथेवर लाहोरला खटला झाला. अश्लील शब्द कोणता, हे फिर्यादी पक्षाला दाखवता आले नाही, आणि खटला पडला. नवऱ्याने दुर्लक्षिलेल्या बेगमेची कोंडी आणि तिची भूक एका लहान मुलीच्या नजरेतून, रजईच्या हलत्या सावलीतून सांगितली आहे. चुगताईंच्या कथा ‘रजई’ या नावाने मराठीत आणल्या त्या नांदेडला जन्मलेल्या कविता महाजन यांनी. निजामी राजवटीत ज्या नांदेडात उर्दूतून शिक्षण झाले, तेथे जन्मलेल्या लेखिकेने हे काम करावे, हा योग मोठा समर्पक आहे.

समाजवाद्यांनी या प्रश्नावर मुके राहण्याचे कारण नव्हते. वचनभंग आणि बलात्कार वगळता स्त्री-पुरुषांमधले सर्व संबंध वैध मानावेत, असे डॉ. लोहिया म्हणत. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले. आणि २००७ मध्ये याच महाराष्ट्रात शाळांमधले लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले, तेव्हा आपल्यापैकी किती जण रस्त्यावर आले?

लातूरच्या शिकवणीवर्गांसाठी खेड्यांतून हजारो मुले-मुली येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात. सोळा-सतरा वर्षांचे वय, घरापासून दूर, आणि शंका विचारायला एक मोबाईल. त्यांना ‘हे वाचू नका’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. पाणपोईवरच्या त्या तरुणीने धार का बारीक केली, हे त्यांच्यासोबत बसून कोणी वाचत नाही.

आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एका खाड्याचा दंड परवडत नाही, म्हणून देहाचा भागच काढून टाकायचा! या स्त्रिया सहा महिने कोपीत राहतात; आडोसा नाही, दार नाही, शेजारी मुले झोपलेली. त्यांच्या इच्छेची कथा अद्याप कोणी लिहिलेली नाही. चिखलात नांगर ओढणाऱ्याची बायको निदान पावसाला शिव्या घालत होती.