फळ्या ठोकण्यापूर्वीची परीक्षा

(सुतारकाम प्रशिक्षण वर्गाच्या प्रमाणपत्र वितरण समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुतारकामाच्या वर्गाच्या समारंभाला माझ्यासारख्या माणसाला बोलावणे हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर. तीस वर्षे वृत्तपत्रात लेखणी चालवली. रंधा एकदाही चालवला नाही. त्यामुळे श्रमप्रतिष्ठेवर चार गोष्टी सांगाव्यात आणि रजा घ्यावी, अशा तयारीने मी आलो होतो.

परंतु कार्यक्रमापूर्वी चहा घेताना एक गोष्ट कानी आली आणि ते भाषण मी खिशातच ठेवले. या वर्गात एकवीस विद्यार्थी आहेत आणि आज प्रमाणपत्रे एकोणीस जणांना मिळणार आहेत. लाकडी जमीन बसवण्याच्या कामात दोघांचे कौशल्य परीक्षकांना पुरेसे वाटले नाही. महिनाभराने त्यांनी ते काम पुन्हा करून दाखवायचे आहे. ते दोघेही आज या सभागृहात आले आहेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. "पोरगा वर्षभर नेमाने आला, देऊन टाका की कागद," असे काही वडीलधाऱ्यांनी सुचवल्याचेही समजले. त्या सूचनेमागची माया मी समजू शकतो. तरीही आज मला बोलायचे आहे ते या न दिलेल्या दोन प्रमाणपत्रांविषयीच.

माझ्या घरातील अनुभव

२०१६ साली आम्ही पुण्यातील आमच्या घराच्या एका खोलीत लाकडी जमीन बसवून घेतली. एप्रिल महिन्यात काम झाले. पाहुणे आले की आम्ही त्यांना आवर्जून ती खोली दाखवत असू. जुलैत पावसाने जोर धरला आणि एके सकाळी पाहतो तो खोलीच्या मध्यभागी फळ्या एकमेकींना रेटत वर उचलल्या गेलेल्या! दार अर्धेच उघडत होते.

काम करणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा होता. मी त्याला बोलावून घेतले आणि चार माणसांसमक्ष नाही नाही ते बोललो. आज ते सांगताना संकोच वाटतो. त्याने उलट उत्तर दिले नाही. पिशवीतून घडी घातलेले प्रमाणपत्र काढून त्याने माझ्यासमोर धरले. ठेकेदाराने त्याची दोन आठवड्यांची मजुरी कापली.

पुढे दुरुस्तीला एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी भिंतीलगतची पट्टी उचकटली, आत पाहिले आणि एवढेच म्हणाले, "भिंतीला टेकवलीय." मग त्यांनी समजावून सांगितले. लाकूड हवेतील ओल शोषते आणि रुंदीला फुगते. म्हणून भिंतीशी सगळीकडून थोडी फट सोडायची आणि ती वरच्या पट्टीने झाकायची. फट ठेवली नाही तर फुगणारी फळी जाणार कोठे? ती वर उठते. मदतीला तो मुलगाही आला होता. मान खाली घालून तो म्हणाला, "काका, हे मला कोणी सांगितलंच नाही. परीक्षेत कागदावर खुणा करायच्या होत्या. काम कोणी बघितलं नाही."

त्याला उत्तीर्ण करणाऱ्याला त्या दिवशी आपण गरीब मुलाचे भले केले असेच वाटले असेल. पण त्या भलेपणाची किंमत कोणी मोजली? मजुरी त्या मुलाची गेली. अपमान त्याचा झाला. न पाहता सही करणाऱ्याचे नाव मात्र आजतागायत कोणी विचारलेले नाही.

मेलबर्नमध्ये पाहिलेली परीक्षा

२०१९ साली मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो. तिचे शेजारी तेथील एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवत. माझी ही कहाणी ऐकून ते म्हणाले, "एक दिवस आमच्याकडे या आणि परीक्षा पाहा." मी गेलो.

त्या देशात लाकडी सांगाड्याची घरे फार. सुतारकामाची उमेदवारी साधारण चार वर्षांची असते आणि लाकडी जमीन बसवणे हा अभ्यासक्रमातील एक स्वतंत्र घटक आहे. मला ती रचना समजायला वेळ लागला नाही, कारण माझे बालपण वाईच्या जुन्या वाड्यात कडीपाटाखाली गेले आहे. आपल्याकडे तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर असे. तेथे जमिनीत रोवलेले बुटके खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि वर फळ्या किंवा तक्ते. कड्यांतील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत बहुधा ४५० किंवा ६०० मिलिमीटर ठेवतात. दाबीव भुशाचे तक्ते वापरायचे तर पहिल्या अंतराला १९ मिलिमीटर जाडी चालते, दुसऱ्याला २२ लागते.

चार विद्यार्थी एका छोट्या खोलीएवढा सांगाडा उभारत होते. कड्या बसून झाल्या तशी परीक्षकांनी हाक दिली, "थांबा. अजून एकही फळी लावू नका." फळ्या ठोकल्या की सगळ्याच जमिनी वरून सारख्या दिसतात. चूक असते ती खाली. म्हणून खरी परीक्षा सांगाडा उघडा असतानाच घ्यायची, अशी तेथील पद्धत.

मग त्यांनी फितीने दोन्ही कर्ण मोजायला लावले. दोन्ही सारखे भरले तर सांगाडा काटकोनात. कड्यांवर सरळ पट्टी आडवी ठेवून पाणसळ लावली. कड्यांचे सांधे तुळईवरच आले आहेत की मध्ये अधांतरी राहिले आहेत, हे पाहिले. प्रत्येक ठिकाणी त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "असे का केलेस?" हात बरोबर चालला, पण का चालला हे ठाऊक नसेल, तर पुढच्या घरी तो हात चुकणार, हे त्यामागचे तत्त्व.

एका मुलाची एक कडी उलटी बसली होती. लाकडाला उभ्या अंगाने किंचित बाक असतो. कडी घालताना त्या बाकाची पाठ वर ठेवायची, म्हणजे भार पडला की ती सपाट होते. उलटी घातली तर ती भाराखाली आणखी झोळते. परीक्षकांनी चूक सांगितली नाही. "खाली वाक आणि कडेवरून डोळा लाव," एवढेच म्हणाले. मुलाने पाहिले, त्याचा चेहरा पडला आणि तो मुकाट्याने खिळे काढू लागला. कागदावर शेरा लिहिला गेला: 'अजून सक्षम नाही'.

मी शेजाऱ्यांना विचारले, "इतक्या कड्यांत एकच चुकली. गुण कापून उत्तीर्ण करता आले नसते का?" ते म्हणाले, "येथे गुण नाहीतच. सक्षम किंवा अजून सक्षम नाही, एवढे दोनच शेरे. त्या एका कडीवर ज्याचे पाऊल पडेल, त्याला बाकीच्या बरोबर असल्याचा काय उपयोग?" तो मुलगा पुढे दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षेला उभा राहणार होता. त्याच्या वाट्याला उपहास आला नाही आणि दयाही आली नाही.

दुपारी फळ्यांचे काम झाले. आधी यंत्राने लाकडातील ओल मोजली. पक्क्या लाकडाच्या फळ्यांसाठी तेथील मानकात ती ९ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवत शेवटची फळी भिंतीशी आली, तेव्हा परीक्षक गुडघ्यावर बसले आणि फट मोजली. किमान दहा मिलिमीटर हवी. ती दहा मिलिमीटरची फट पाहताना मला पुण्यातली ती खोली आणि प्रमाणपत्र पुढे करणारा तो हात आठवला.

पुराव्याच्या चार कसोट्या

तेथील नियमांत परीक्षकाने गोळा केलेल्या पुराव्याला चार कसोट्या लावल्या जातात. त्या आपण सर्वांनीच लक्षात ठेवाव्यात. पहिली, पुरावा नेमका त्या कौशल्याचा आहे का? फळी बसवण्याची परीक्षा निबंध लिहून होत नाही. दुसरी, तो पुरेसा आहे का? एकदा योगायोगाने जमले, की पुन्हा सांगितले तरी जमते? तिसरी, तो अस्सल आहे का? काम त्याच मुलाचे आहे, की शेजारच्याच्या हाताचे? चौथी, तो आजचा आहे का? दहा वर्षांपूर्वी जमत असे, यावरून आजचा निर्णय करता येत नाही.

तिकडे सारे सोन्याचे आहे, असे मात्र मी सांगणार नाही. २०२४ च्या अखेरीपासून तेथील राष्ट्रीय नियामक संस्थेने विविध क्षेत्रांतील हजारो व्यक्तींची प्रमाणपत्रे रद्द केली. कारण ती देणाऱ्या काही खासगी संस्थांनी योग्य प्रशिक्षण आणि परीक्षा घेतलीच नव्हती. कागद विकण्याचा मोह कोणत्याही एका देशाची मिरास नाही. त्या व्यवस्थेने स्वतःची चूक उघड केली आणि दिलेले कागद परत घेतले, एवढे आपण टिपून ठेवावे.

आपला वारसा आणि आपले कर्तव्य

कर्ण मोजून काटकोन साधण्याचे शास्त्र आपल्याला परके नाही. आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितला आहे. यज्ञवेदी आखणारी ती दोरी आपल्याच पूर्वजांच्या हातात होती. वाईच्या आमच्या वाड्याचा माळा दुरुस्त झाला तेव्हा गावचे वृद्ध मिस्त्री पाट पडण्यापूर्वी प्रत्येक कडीवर उभे राहून पाहत होते, हे मला लख्ख आठवते. त्यांच्यापाशी छापील कागद नव्हता. त्यांचा शब्द हेच प्रमाणपत्र होते. पण पूर्वजांचा अभिमान बाळगायचा आणि मुलाच्या हातात दोरी न देताच त्याला उत्तीर्ण करायचे, हा त्या पूर्वजांचा सन्मान नव्हे.

आपल्या देशात १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना आहे. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल विकास योजना सुरू झाली. २०२३ च्या विश्वकर्मा जयंतीला पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली आणि तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. त्या योजनेतील प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे. एवढ्या दिवसांत नवा सुतार घडत नाही. वडिलांच्या हाताखाली घडलेल्या सुताराचे कौशल्य पारखता येते आणि त्याला धार लावता येते. म्हणजे अशा ठिकाणी पारख हेच मुख्य काम आहे. तेथे परीक्षकाने छायाचित्र काढून सही केली, तर योजना कितीही चांगली असो, कारागिराच्या हाती उरतो तो केवळ कागद.

कार्यकर्ते म्हणून आपल्याला काय करता येईल? परीक्षक असा असावा की ज्याने स्वतः आयुष्यभर हे काम केले आहे. ज्याला लिहिणे जड जाते त्याची परीक्षा तोंडी आणि मराठीत घ्यावी; त्याच्या अक्षराची शिक्षा त्याच्या हाताला नको. ज्या मालकाकडे मुलगा उमेदवारी करतो, त्याचे मतही घ्यावे. आणि प्रत्येक वर्गात एक सांगाडा फळ्यांवाचून उघडा ठेवावा. येणाऱ्या प्रत्येकाला त्यावरून चालू द्यावे.

शेवटी, त्या मेलबर्नच्या सांगाड्यातील एक बारीक गोष्ट सांगतो. खांब आणि तुळई यांच्यामध्ये पत्र्याची एक टोपी बसवतात, वाळवीसाठी. मला वाटले, ती वाळवीला अडवत असेल. शेजारी म्हणाले, पूर्णपणे अडवत नाही. वाळवी टोपीला वळसा घालून वर जाते, पण तसे करताना तिला उघड्यावर मातीची नळी बांधावी लागते आणि ती तपासणाऱ्याच्या नजरेस पडते. प्रामाणिक परीक्षा ही अशीच टोपी आहे. चुका होणारच. त्या घरात शिरण्याआधी दिसाव्यात, एवढे तिचे काम.

आज ज्यांचा कागद राहिला त्या दोन मित्रांना मी सांगेन, तुमच्या परीक्षकांनी वाकून पाहिले. माझ्या घरी आलेल्या त्या मुलाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. महिन्याभराने तुमचे काम पुरे होईल, तेव्हा संयोजकांनी मला कळवावे. मी स्वखर्चाने येईन, तुमच्या फळ्यांवरून चालेन आणि ती दोन प्रमाणपत्रे माझ्या हातून देण्याची संधी मिळाली तर तो माझा सन्मान समजेन.