नौकेवरील रेडिओचा आवाज क्षीण का होतो?

(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिष्यवृत्ती, विवाह, सहकारी सोसायट्या इत्यादी विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते बोलत असतात. मी आज एका लहानशा यंत्रासंबंधी चार शब्द सांगण्याची अनुज्ञा घेतो. तांडेलाच्या केबिनमधील व्ही. एच. एफ. रेडिओची पेटी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ती नीट ऐकेनाशी झाली की, "सेट गेला, असू दे, मोबाइल आहे ना!" असे म्हणून आपण नौका पाण्यात लोटतो. हा समज प्राणावर बेतणारा आहे. मोबाइल एकाच्याच कानाशी बोलतो, आणि किनारा दूर पडला की मुका होतो. रेडिओवर उच्चारलेला शब्द मात्र त्या टापूतील प्रत्येक नौकेस ऐकू जातो. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा दूर समुद्रात गेलेल्या अनेक नौकांपर्यंत इशारा वेळेवर पोहोचला नाही, आणि केरळ व तामिळनाडूतील शेकडो मच्छीमार कुटुंबांवर दुःखाचा डोंगर कोसळला. न ऐकू आलेल्या शब्दाचे मोल किती, हे दर्यावर्दी समाजास अधिक सांगावयास नको.

प्रथम या लहरींचा स्वभाव समजून घेऊ. नौकेवरील रेडिओच्या लहरी सुमारे दोन मीटर लांबीच्या असतात व त्या दृष्टीप्रमाणे बहुधा सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाच्या फार पलीकडे त्या पोहोचत नाहीत. याचे गणित शाळेतील मुलालाही करता येईल. अँटेनाच्या उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढावे व त्यास चाराने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे किलोमीटरांत त्या अँटेनाचे क्षितिज होय. चार मीटर उंचीस आठ किलोमीटर, नऊ मीटर उंचीस बारा. दोन नौकांच्या क्षितिजांची बेरीज केली की त्यांच्या संभाषणाचा पल्ला मिळतो. चार-चार मीटर उंचीच्या दोन नौका सुमारे १६ किलोमीटरपर्यंत बोलतील. दोघींनी अँटेना नऊ मीटरवर नेली तर २४ पर्यंत. किनाऱ्यावरील केंद्राची अँटेना १०० मीटर उंच असेल तर तिचे क्षितिज एकटीचेच ४० किलोमीटर. यावरून दिसेल की, पल्ला वाढविण्यास महागड्या सेटपेक्षा डोलकाठीचे टोक अधिक उपयोगी पडते. पल्ल्याबाहेरील नौका ऐकू न आली, तर तो सेटचा दोष नव्हे.

आता दोष शोधण्याची रीत पाहू. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तद्वत् आपणही पेटी उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. आपणास दुसऱ्याचे ऐकू येत नाही, की आपले दुसऱ्यास ऐकू जात नाही? या दोन व्याधींची कारणे पुष्कळदा वेगळी असतात.

आपणास ऐकू येते, पण आपले जात नाही, तर प्रथम सेट २५ वॅटवर आहे की १ वॅटवर, हे बटण पाहावे. नंतर विजेकडे वळावे. ऐकताना सेटला फार थोडी वीज लागते. बोलताना मात्र तो पाच-सहा अँपिअर खेचतो. बॅटरी जुनी असेल, तार बारीक असेल किंवा फ्यूजची जागा गंजली असेल, तर ऐकणे सुरळीत राहते आणि बोलण्याचे बटण दाबताच दिवा मंदावतो. मल्टिमीटर सेटच्या मागील तारांना लावून बटण दाबलेले असताना व्होल्टेज पाहावे. ते पुष्कळच खाली येत असेल, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. सेट बापडा निरपराध आहे.

आपणासच ऐकू येत नसेल, तर प्रथम स्क्वेल्च नावाची कळ पाहावी. खरखर बंद करण्यासाठी तिची योजना आहे. परंतु ती जरुरीपेक्षा अधिक फिरवली, तर खरखरीबरोबर दूरचा क्षीण आवाजही बंद होतो. कळ मागे फिरवून खरखर ऐकावी आणि ती थांबेल तेवढीच पुढे न्यावी.

एवढ्याने भागले नाही, तर केबल व तिचे जोड यांकडे पाहावे. खारा वारा हा आपला सनातन शत्रू. अँटेनाच्या बुडाशी पाणी शिरले की तांब्याच्या जाळीवर हिरवा कळंक चढतो, आणि तो केबलच्या आत दूरवर पसरतो. अशी केबल वरून साफ दिसली तरी आतून पोखरलेली असते. पातळ केबल निरोगी असली, तरी सुमारे पंधरा मीटर लांबीत निम्मी शक्ती खाऊन टाकते. म्हणून लांब अंतरास जाड केबल घ्यावी, व जोडावर पाणी न शिरू देणारी, आपोआप एकजीव होणारी रबरी फीत गुंडाळावी.

दोष सेटमध्ये की अँटेनामध्ये, हे ठरविण्याची युक्ती अगदी सोपी आहे. हातात धरण्याचा छोटा सेट त्याच नौकेवर उभे राहून लावावा. छोट्याला स्पष्ट ऐकू येते आणि मोठ्याला नाही, तर बहुधा अँटेना किंवा केबल दोषी. मग शेजारच्या नाखव्याचा चांगला सेट आपल्या अँटेनाला जोडून खात्री करावी. मात्र अँटेना जोडलेली नसताना बोलण्याचे बटण कदापि दाबू नये. सेटची आतली यंत्रणा जळण्याचा संभव असतो.

अलीकडे एक नवीनच चोर नौकेवर चढला आहे. तो म्हणजे एल. ई. डी. दिवा. काही स्वस्त दिव्यांच्या आतील मंडलातून असा गोंगाट निघतो की दूरचा आवाज त्यात बुडून जातो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याविषयी सावधगिरीची सूचनाच काढली होती. परीक्षा अशी: दिवे बंद करून स्क्वेल्चची कळ खरखर थांबेल तेथे ठेवावी, मग एकेक दिवा लावावा. ज्या दिव्याने खरखर परत येईल, तो बदलावा किंवा अँटेनापासून दूर न्यावा.

आणखी एक गोष्ट समाजहिताची. सोळाव्या चॅनेलवर संकटाची हाक दिली जाते. कोणा खलाशाच्या हातून मायक्रोफोनचे बटण दबून राहिले, तर त्याच्या सेटला काही ऐकू येत नाही, आणि आसपासच्या सर्व नौकांचा मार्गही अडतो. सोळावा चॅनेल हे आपले सामाईक पाणवठ्याचे ठिकाण आहे. तेथे गप्पा मारणे वा बटण अडकवून ठेवणे म्हणजे विहिरीत घाण टाकण्यासारखेच होय. सेट तपासण्यासाठी दुसरा चॅनेल वापरावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून देशातील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. ती सोय स्वागतार्ह आहे. तथापि, जवळच्या नौकेस हाक मारून तत्काळ उत्तर मिळविण्याचे काम रेडिओच करतो, आणि बुडणाऱ्यास पहिला हात बहुधा जवळच्याच नौकेचा मिळतो.

यास्तव माझी एक नम्र सूचना आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत आपण जाळी विणतो, नौकांना तेल-रंग देतो. त्याच वेळी प्रत्येक बंदरावर दोन शिकलेल्या मुलामुलींनी मल्टिमीटर व एक छोटा सेट घेऊन सर्व नौकांचे रेडिओ तपासावेत आणि प्रत्येक नौकेची नोंद वहीत करावी. खर्च दोन-चार टोपल्या मासळीएवढा; लाभ मात्र एखाद्या घरच्या कर्त्या पुरुषाचा. दहावी-बारावीस शास्त्र घेतलेल्या आपल्या मुलींना हे काम सहज साधेल, आणि जी माता वा भगिनी किनाऱ्यावर वाट पाहत बसते, तिच्याच लेकीच्या हातून बापाचा रेडिओ बोलका होईल. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करण्यापूर्वी, "नौकेचा रेडिओ तपासला काय?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा.