राजा पुढे, प्यादे मागे



कामगार चळवळीतल्या माणसाने बुद्धिबळावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत अधिक झाले. हा खेळही तेथेच, कोर्टाच्या तारखेची वाट पाहत बसलेल्या एका वृद्ध कामगाराने आम्हांला शिकविला. पुढे एकदा आम्ही घाईने संप पुकारला. मालक उलट काय करील याचा विचार केला नाही, आणि काही सोबत्यांची कामे गेली. ती गोष्ट आजही आम्हांला बोचते. त्या वेळी म्हातारबा एवढेच म्हणाले, "भाऊ, तुम्ही आपलीच चाल पाहिली, त्याची पाहिलीच नाही."

म्हणून हा विषय आम्ही निव्वळ करमणुकीचा मानीत नाही.

अलीकडच्या वार्ता आपण ऐकल्याच असतील. सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळविले. खुल्या संघात आपल्या नाशिकचे विदित गुजराथी होते. त्याच डिसेंबरात गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. आणि 28 जुलै 2025 रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी होत्या. त्या 2002 सालीच ग्रँडमास्टर झालेल्या. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, आणि जलद डावांत एकोणीस वर्षांच्या दिव्याने बाजी मारली. त्या विजयानेच ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर ठरली.

परंतु ही वाट आयती मिळालेली नाही. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गहजब झाला! जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला की, स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडविता येणार नाही. हक्क मागितल्याखेरीज मिळत नाही, हे पटावरही खरेच.

आता शिकावे कसे? पट आणि सोंगट्या स्वस्त आहेत. मोबाइलवर लिचेस नावाचे ठिकाण आहे. तेथे खेळणे, कोडी सोडविणे, डाव तपासणे सारे फुकट, जाहिरातीही नाहीत. ते लोकांच्या देणग्यांवर चालते. मात्र नुसते भराभर डाव खेळू नका. खेळलेला डाव लिहून काढा, हरल्यावर पुन्हा मांडा आणि चूक कोठे झाली ते शोधा. कापाब्लांका हा जगज्जेता सांगत असे की, अभ्यास शेवटापासून करावा. मोजक्या सोंगट्यांचे अंत आधी शिकावेत.

एकच उदाहरण देतो. तुमच्याकडे राजा आणि एक प्यादे, समोर एकटा राजा. प्यादे पुढे दामटून राजा मागे राहिला, तर डाव बहुधा बरोबरीत जातो. राजा पुढे होऊन वाट मोकळी करील आणि प्यादे मागून येईल, तर ते बहुधा वजीर होते. अगदी कडेचे प्यादे मात्र याला अपवाद. पुढारी म्हणविणाऱ्यांनी हा अंत अवश्य पाठ करावा. आम्ही तो फार उशिरा शिकलो.

शेवटी अक्कलकुव्याविषयी. दिवाळीनंतर आपल्या डोंगरातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलांची शाळा तुटते. बुद्धिबळाने शाळेची भरपाई होईल असे आम्ही म्हणत नाही. शाळेसाठी भांडावेच लागेल. पण कापडी पट गाठोड्यात मावतो. या गावातील प्रत्येक खेळाडूने सुगीपूर्वी एका मुलाला सोंगट्यांच्या चाली आणि डाव लिहिणे शिकवावे, एवढीच आमची विनंती. परतल्यावर त्या मुलाने आपला लिहिलेला डाव आपल्यापुढे मांडावा.

आमच्या जुन्या खेळाडूंत प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची समजत. ती पाहण्याची आम्हांला आस आहे.